वार्दझिया: जिथे लेण्यात अजून दिवा लागतो

लेणी पाहत वाढलेल्या माणसाला रिकाम्या खोल्यांची सवय होऊन जाते. माझं माहेर फुलंब्रीचं, सासर छत्रपती संभाजीनगरचं आणि नोकरी शाळेत इतिहास शिकवण्याची. वेरूळ, अजिंठा, पितळखोरा, शहराच्या उशाशी असलेली औरंगाबाद लेणी. तिथे मुलांना रांगेत उभं करून मी वर्षानुवर्षं सांगत आले: इथे भिक्खू राहायचे, या ओट्यावर झोपायचे, पावसाळ्यात इथे मुक्काम करायचे. सांगताना नेहमी वाटायचं की यातला निम्मा भाग आपण कल्पनेनं भरून काढतोय. कातळातल्या खोलीत माणूस खरोखर राहतो तेव्हा ती कशी दिसते, तिथे वास कसला येतो, पाणी कुठून भरतात, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. ते जॉर्जियात, म्त्कवारी नदीच्या काठी, वार्दझियाच्या मठात पाहायला मिळालं.

लेक तिबिलिसीत एमबीबीएस करते. आपल्याकडची बरीच मुलं तिथे शिकतात. तिच्याच इमारतीत लातूरची, नांदेडची, जळगावची पोरं भेटली. तिची परीक्षा संपल्यावर ऑक्टोबरात मी गेले. "आई, समुद्र बघायचा की बर्फ?" असं तिनं विचारलं, तर मी म्हटलं, "तुमच्याकडे लेणी आहेत म्हणे, ती बघायची." तिला त्याचं नवल वाटलं नाही. लहानपणी तिचे रविवार माझ्यामुळे वेरूळच्या पायऱ्यांवरच गेले आहेत.

तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून अखालत्सिखे गावाला मार्श्रुत्का सुटतात. मार्श्रुत्का म्हणजे वाटून घेतलेली व्हॅन. भरली की निघते, आपल्या काळीपिवळीचाच हिशेब. गोरीच्या बाजूनं खाशुरीपर्यंत रस्ता सपाट जातो, मग डावीकडे वळून बोर्जोमीच्या घळीत शिरतो आणि तिथून म्त्कवारी सोबत येते. ही नदी तुर्कस्तानातल्या डोंगरांत उगम पावते, जॉर्जियात येते, तिबिलिसी शहराच्या मधून वाहते, पुढे अझरबैजान ओलांडून कॅस्पियन समुद्राला मिळते. एकूण लांबी दीड हजार किलोमीटरच्या आसपास. तिबिलिसीत मी तिला पुलावरून पाहिलं होतं, रुंद आणि मातकट. जसजसं वर जावं तसतशी ती अरुंद होत गेली, आणि गाडीची काच खाली केली की तिचा आवाज येऊ लागला.

अखालत्सिखेहून वार्दझिया साधारण साठ किलोमीटर. तिथे आम्ही एक टॅक्सी ठरवली. वाटेत अस्पिंद्झा लागतं, मग खेर्त्विसीचा किल्ला. पारावानी नदी म्त्कवारीला मिळते त्या संगमावर, बरोबर मधल्या खडकावर हा किल्ला उभा आहे. आज दिसणारा तट १३५४ सालचा. किल्ल्यांच्या मुलखातल्या माणसाला तो पाहून लगेच कळतं की इथून दोन्ही खोऱ्यांवर नजर राहते आणि दक्षिणेकडून येणारं कुणीही नजरेतून सुटत नाही. वार्दझिया इथे का आहे याचं उत्तर या किल्ल्यातच आहे. बाराव्या शतकात जॉर्जियाच्या राज्याची ही दक्षिण सीमा होती आणि पलीकडे सेल्जुक तुर्क होते. मठ हवा होता आणि सीमेवर ठाणंही हवं होतं. दोन्ही एकाच कड्यात कोरलं गेलं.

पहिलं दर्शन नदीच्या पलीकडून होतं. समोर एरुशेती डोंगराचा उभा कडा, आणि अर्धा किलोमीटरभर नुसती भोकं. खाली, वर, त्याच्याही वर. कुठे कमान, कुठे अर्धा जिना, कुठे खोलीची एकच भिंत शिल्लक आणि त्या भिंतीतला कोनाडा थेट हवेत उघडलेला. अजिंठ्याला वाघोराच्या वळणाशी उभं राहिलं की एका ओळीत मांडलेली लेणी दिसतात, प्रत्येकाला आपापलं दार आणि आपापले खांब. इथे तशी मांडणी दिसत नाही. आतलं सगळं उघडं पडलेलं दिसतं, आणि तसं दिसण्याला कारण आहे.

मूळचं वार्दझिया बाहेरून दिसतच नव्हतं. राजा तिसरा गिओर्गी, ज्याचं राज्य ११५६ ते ११८४ असं होतं, त्याच्या काळात कोरीव काम सुरू झालं. त्याची मुलगी तामार गादीवर आल्यावर ते वाढलं. खोल्या, वाटा, जिने, सगळं कड्याच्या पोटात होतं, आणि पुढे दगडाची जाड भिंत नैसर्गिक तटासारखी शाबूत ठेवली होती. १२८३ मध्ये मोठा भूकंप झाला. कड्याचा पुढचा भागच्या भाग सुटून खाली नदीकडे कोसळला आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. आज जे फोटोत दिसतं आणि ज्यासाठी लोक लांबून येतात, तो दुर्घटनेनंतरचा चेहरा आहे. हे कळल्यावर मी त्या कड्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. सातशेहून जास्त वर्षं हा कडा ती जखम घेऊन उभा आहे.

आमच्या पितळखोऱ्यालाही दगड ठिसूळ निघाला आणि लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले. सह्याद्रीचा काळा कातळ एरवी मात्र इतका कठीण असतो की छिन्नीची खूण दोन हजार वर्षं टिकते. वार्दझियाचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मध्ये मध्ये खडे अडकलेला. नखानं ओरखडलं तर रवाळ भुकटी बोटाला लागते. असा दगड कोरायला सोपा आणि सांभाळायला अवघड. चढताना जागोजागी लोखंडी कठडे, आधार आणि जाळ्या लावलेल्या दिसतात. ते पाहून मला बरंच वाटलं. कुणीतरी रोज लक्ष ठेवून आहे.

तिकीट खिडकीपासून वर जाणारी वाट चढाची आहे. उंची समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे दम लवकर लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवावा, थांबत थांबत जावं. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. सुरुवातीला घंटाघर लागतं. हे कोरलेलं नाही, चिरे रचून बांधलेलं आहे. भूकंपानंतर या प्रांताचा सरदार बेका जाकेली यानं दुरुस्तीची बरीच कामं केली, त्यातलं हे एक.

घंटाघर ते मुख्य चर्च या टप्प्यातच तेरा मजले आहेत. सगळीकडे जाता येत नाही, पण जिथे जाता येतं तिथे मी प्रत्येक खोलीत शिरले. लेक बाहेर उभी राहून म्हणत होती, "अगं आई, सगळ्या सारख्याच आहेत." सारख्या नव्हत्या. एका खोलीत भिंतीला लागून दगडी बाक, त्याच्यावर दिव्याची देवळी. दुसरीत जमिनीत गोल खड्डा, चूल असावी अशा काळ्या खुणांसकट. एका ठिकाणी भटारखाना: जमिनीत पुरलेल्या भट्ट्या, ज्यांच्या आतल्या भिंतीला पाव थापून भाजतात. अशा भट्ट्या तिबिलिसीच्या गल्लीबोळात आजही पेटलेल्या असतात, त्यामुळे इथे काय चालत असेल हे सांगायला कुणी लागलं नाही. त्याच्या जवळ भोजनगृह, लांबलचक, दोन्ही बाजूंना दगडी बाक. लोहाराची भट्टीसुद्धा होती इथे. चर्चच्या पलीकडच्या भागात ओळीनं छोटे कोनाडे कोरलेली एक खोली आहे, ती औषधशाळा. प्रत्येक कोनाड्यात एक औषध. माझी डॉक्टर होऊ घातलेली मुलगी मात्र तिथे थांबली, आणि बराच वेळ थांबली.

त्याच भागात दारूची तळघरं आहेत. पंचवीस तळघरं आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे १८५ रांजण मोजले गेले आहेत. जॉर्जियात द्राक्षाची दारू अशीच करतात. क्वेव्री नावाच्या मोठ्या रांजणात रस, साली, बिया सगळं घालून तोंड बंद करायचं आणि महिनोन्‌महिने जमिनीच्या थंडाव्यात मुरू द्यायचं. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मठात दारू म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला अडखळायला होतं. पण त्यांच्या पूजेत पाव आणि द्राक्षाची दारू हाच मुख्य प्रसाद. त्याशिवाय उपासना पूर्णच होत नाही. शिवाय मठाला जमिनी होत्या, द्राक्षमळे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं होतं. या खोऱ्यात डोंगरउतारावर पायऱ्या पाडून केलेल्या जुन्या शेतांच्या खुणा अजून दिसतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाण्यापाशी. कुठलंही लेणं पाहताना मी आधी पाणी शोधते, कारण त्यावरून तिथे किती माणसं आणि किती काळ राहत होती याचा अंदाज येतो. कान्हेरीला डोंगरावरचं पावसाचं पाणी कातळातल्या पन्हळींतून प्रत्येक विहाराच्या पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात, कसं उतरवलंय, ते मी मुलांना बोटानं दाखवत असे. वार्दझियात पावसावर भिस्त ठेवून चालत नाही, आणि नदी तर खूप खाली. म्हणून वरच्या अंगाच्या झऱ्यांचं पाणी साधारण साडेतीन किलोमीटरवरून मातीच्या नळांनी आणलं होतं, कड्याच्या आतून. वेढा पडला तरी बाहेरच्याला पाणी तोडता येऊ नये, अशी ती योजना. चर्चमागच्या बोगद्यात आजही एक झरा आहे. 'तामारचे अश्रू' म्हणतात त्याला. वाकून आत जावं लागतं, अंधार असतो, आणि खडकातून पाझरून साठलेलं पाणी इतकं नितळ की हात लावेपर्यंत ते पाणी आहे हे कळत नाही.

तामारबद्दल इथे सांगायलाच हवं. ११८४ ते १२१३ अशी तिची कारकीर्द, आणि जॉर्जियाच्या मध्ययुगाचा तो सर्वांत वैभवाचा काळ. लोक तिला राणी म्हणून आठवतात आणि संत म्हणून पूजतातही. ऑर्थोडॉक्स चर्चनं तिला संतपद दिलेलं आहे. १२०३ च्या सुमारास सेल्जुकांविरुद्धच्या बासियानीच्या लढाईआधी सैन्य निघालं तेव्हा तिनं वार्दझियाच्या मेरीमातेच्या मूर्तिचित्रापुढे अनवाणी जाऊन प्रार्थना केली, असं जॉर्जियाच्या बखरी सांगतात. लढाई जॉर्जियानं जिंकली. टॅक्सीवाल्यानं ही गोष्ट आम्हाला दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून सांगितली. त्याच्या आवाजात जे होतं ते मला परकं नव्हतं. जिजाऊंबद्दल बोलताना आमच्या वर्गात तोच आवाज लागतो.

मुख्य चर्च मेरीमातेच्या चिरनिद्रेला वाहिलेलं आहे. दाराशी ओढण्या आणि कमरेला गुंडाळायची वस्त्रं ठेवलेली असतात. बायकांनी डोकं झाकायचं, पॅन्ट घातली असेल तर वरून वस्त्र गुंडाळायचं. पुरुषांनी टोपी काढायची, अर्ध्या चड्डीवर आत जायचं नाही. मी पंजाबी ड्रेसची ओढणी डोक्यावरून घेतली आणि मला त्यात काही वेगळं करतोय असं वाटलं नाही. देवळात गेल्यावर आईचा हात आपोआप पदराकडे जायचा, तो आठवला. आत फोटो काढायचे नाहीत. हा नियम मला फार आवडला, कारण त्यामुळे सगळे वर बघत होते.

चर्च लहान आहे: साडेचौदा मीटर लांब, आठ मीटरच्या आसपास रुंद, नऊ मीटर उंच. कातळात कोरलेलं, पण भिंतींना चिऱ्यांचा आधार दिलेला. डोळे अंधाराला सरावले की चित्रं उमटायला लागतात. छतावर आणि भिंतींच्या वरच्या भागात येशूचं चरित्र क्रमानं: देवदूताचा निरोप, जन्म, बाप्तिस्मा, मेलेल्या लाझारसला उठवणं, शेवटचं भोजन, क्रूस. खाली, माणसाच्या नजरेच्या उंचीवर संत उभे केले आहेत. देव वर आणि ज्यांच्यामार्फत त्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं ते आपल्या शेजारी, अशी ती मांडणी आहे. बाहेरच्या ओसरीत अंतिम निवाड्याचं चित्र. तिथली काही चित्रं भूकंपात गेली.

उत्तरेच्या भिंतीवर गिओर्गी आणि तामार बापलेक उभे आहेत. हेच चित्र या चर्चचं जन्मसाल सांगतं. तामारच्या नावापुढे देव तिला दीर्घायुष्य देवो असं लिहिलेलं आहे; गिओर्गीच्या नावापुढे तसं नाही, म्हणजे चित्र काढलं तेव्हा तो वारलेला होता. आणि तामारच्या डोक्याला विवाहित स्त्रीची फीत नाही, म्हणजे तिचं लग्न व्हायचं होतं. गिओर्गी ११८४ मध्ये गेला, तामारचं लग्न ११८६ मध्ये झालं. मधल्या दोन वर्षांत हे रंगलं. शिलालेखावर साल नसताना कपड्याच्या एका फितीवरून आणि एका वाक्यावरून काळ पकडता येतो, हे पाहून माझ्यातली शिक्षिका हरखून गेली. दोघांच्या शेजारीच चित्रांचा खर्च उचलणारा सरदार राती सुरामेली हा दात्याच्या रूपात आहे. नाशिकच्या, कार्ल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली वाचली आहेत मी. इथे दात्याचा चेहराही समोर होता.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत, सुकलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. अजिंठ्याचंही तसंच. त्यामुळे दोन्हीकडचं दुखणं एकच: रंग भिंतीत मुरलेला नसतो, वर बसलेला असतो, ओल आली, हवा दमट झाली, की पापुद्रे सुटतात. त्यात इथे मेणबत्त्यांचा धूर. लंडनची कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट, तिबिलिसीची राज्य कला अकादमी आणि जॉर्जियाचं वारसा खातं यांनी मिळून २०१२ पासून इथल्या चित्रांच्या जतनाचं काम हाती घेतलं. चर्च बंद न करता, पूजा चालू ठेवून हे काम करायचं म्हणजे किती जपून करावं लागत असेल, हे अजिंठ्याच्या सोळा-सतरा नंबरच्या लेण्यांत उभं राहिलेल्या कुणालाही समजेल.

दुपारनंतर तिबिलिसीहून आलेल्या बस परत निघाल्या. आम्ही पलीकडच्या काठावर एका घरात रात्रीची सोय केली होती, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. इथे यायचं तर उपासना पाहिल्याशिवाय जायचं नाही, हे मी आधीपासून ठरवलं होतं.

सकाळी चढताना एक तरुण साधू पुढे होता. पायघोळ काळा झगा कमरेशी खोचलेला, खांद्यावर पिठाचं पोतं. मठाचा काही भाग पाहुण्यांना बंद आहे, लाकडी दार लावलेलं. त्या दाराआड तो गेला आणि दार पुन्हा लागलं. आतून लाकडाच्या धुराचा आणि पावाचा वास आला. साधू इथे थोडेच आहेत. पण ज्या खोल्यांबद्दल मी आयुष्यभर अंदाजानं बोलत आले, तशाच खोलीत कुणीतरी कणीक मळत होतं.

त्यांच्या उपासनेत बाक नसतात, सगळे उभे. म्हाताऱ्या बायकासुद्धा. वाद्य नसतं, फक्त माणसाचा आवाज. गाभाऱ्यापुढे मूर्तिचित्रांची भिंत, तिच्या मधल्या दाराला पडदा. धर्मगुरू आत म्हणतो, पडदा उघडतो, बाहेर येतो, धूप फिरवतो, पुन्हा आत. काय चाललंय हे शब्दाशब्दानं कळलं नाही, पण गाभाऱ्यातलं आणि ओसरीतलं असं अंतर राखून केलेली पूजा मला समजण्यासारखी होती. गाणारे कोपऱ्यात चार-पाच जण. जॉर्जियन स्तोत्रं तीन आवाजांत गातात. प्रत्येक आवाज आपल्या वाटेनं जातो, मध्ये असे सूर एकमेकांना घासतात की आपल्या कानाला क्षणभर चुकल्यासारखं वाटतं, आणि ओळीच्या शेवटी तिघेही एका सुरावर येऊन भेटतात. अजिंठ्याच्या चैत्यात कुणी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हटलं की छत घुमतं, ते मी अनेकदा ऐकलं आहे. पण ते पाहुण्यानं म्हटलेलं असतं. इथे ज्यांची ती भिंत, त्यांचाच तो आवाज होता. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

शेवटचा प्रसाद बाप्तिस्मा झालेल्या ऑर्थोडॉक्स लोकांसाठीच असतो, म्हणून आम्ही मागे सरकलो. नंतर मेणबत्त्या विकणाऱ्या आजींकडून मी दोन बारीक मेणबत्त्या घेतल्या, एक आईच्या नावानं आणि एक सासूबाईंच्या. आजींनी लेकीला कुठून आलात असं विचारलं. लेक मोडकंतोडकं जॉर्जियन बोलते. 'इंदोएती' म्हणजे भारत, एवढं मलाही कळलं. आजींनी एकदम माझा हात धरला आणि म्हणाल्या, "गोवा! केतेवान!"

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला धर्म सोडायला सांगितलं, ती ऐकेना, तेव्हा १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यातला काही भाग जुन्या गोव्यात त्यांच्या मठात आणून ठेवला. पुढे तो मठ पडला. आज जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्याच्या मनोऱ्याचा एक उंच तुकडा तेवढा उभा आहे. तिथल्या उत्खननात सापडलेल्या हाडाची जनुकीय तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत झाली आणि २०१३ मध्ये ते अवशेष केतेवानचेच असावेत असा निष्कर्ष निघाला. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. मी सहली घेऊन गोव्याला गेले आहे, त्या पडक्या मनोऱ्याखाली मुलांचे फोटोही काढले आहेत. हजारो मैलांवरच्या या कड्यात एका आजीला तो मनोरा आपल्या घरचा वाटतो, हे तिथे उभं राहून कळलं. आजींनी मेणबत्त्यांचे पैसे घेतले नाहीत. मी ते दानपेटीत टाकले.

इतकं सगळं सलग चालत आलेलं नाही, हेही लिहायला हवं. १५५१ मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या फौजेनं मठ लुटला. लढाई या खोल्याखोल्यांतच झाली. १५७८ मध्ये ऑटोमन तुर्क आले आणि साधू निघून गेले. त्यानंतर कित्येक पिढ्या इथे दिवा लागला नाही. गुराखी आसऱ्याला येत, त्यांच्या धुरानं काही चित्रं काळवंडली. सोव्हिएत काळात संग्रहालय झालं. दगड सांभाळला गेला, प्रार्थना नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साधू परत आले. म्हणजे चारशे वर्षांचा खंड पडला आणि तरीही लोकांनी ते पुन्हा सुरू केलं. संग्रहालयही राहिलं, मठही राहिला. तिकीट खिडकी आहे आणि पहाटेची प्रार्थनाही आहे, आणि दोन्हीचा एकमेकांना जाच होऊ नये म्हणून दोघंही थोडं थोडं सोसतात. मला हे जमण्यासारखं वाटलं आणि ते जमवणाऱ्यांबद्दल मनात आदर आहे.

जाणार असाल त्यांच्यासाठी थोडं. तिबिलिसीहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली असतात, पण बहुतेक वेळ रस्त्यातच जातो. अखालत्सिखेला किंवा नदीपलीकडच्या घरांत एक रात्र काढा आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार धरा. पायात रबरी तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत. बाहेर पडायची वाट बोगद्यातून उभ्या पायऱ्यांनी उतरते, तिथे डोकं सांभाळा आणि मोबाइलचा दिवा हाताशी ठेवा. स्त्रियांनी स्वतःची ओढणी नेलेली बरी. ऑक्टोबरात दुपारी ऊन असतं आणि सूर्य कलला की स्वेटर लागतो. खाण्याचं म्हणाल तर त्यांच्याकडे उपासाचे दिवस खूप, बुधवार-शुक्रवार धरून, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे शाकाहारी माणसानं 'सामार्ख्वो' एवढं म्हटलं की खानावळीत लगेच समजतं. राजम्याचं सारण भरलेली लोबियानी आणि ताजा भाजलेला पाव आम्हाला दोन्ही वेळा मिळाला. परतताना वेळ असेल तर थोडं अलीकडे असलेली वानिस क्वाबेबी ही दुसरी लेणीही पाहा. ती वार्दझियाहून जुनी, आठव्या शतकापासूनची. तिथे गर्दी नसते आणि खडकाला चिकटलेलं घुमटाचं एक छोटं पांढरं चर्च वर दिसतं. लेक म्हणाली पुढच्या सुट्टीत तिथे चढू या, आणि मी लगेच हो म्हटलं.